आओमोरीच्या बर्फात एक चेहरा

मोरिता-सानांनी माझे अठरा फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक फोटो उचलून पाहिला. तोक्योच्या एदोगावा भागातल्या आमच्या सार्वजनिक केंद्रात महिन्यातून दोन शनिवारी कृष्णधवल फोटोग्राफीचा वर्ग भरतो. ऐंशीच्या घरातले मोरिता-सान तो वर्षानुवर्षं चालवतात. माझ्या फोटोंत छत्र्या होत्या, स्टेशनचे जिने होते, सायकली होत्या. माणसंही होती. शेवटी ते म्हणाले, "मेधा-सान, ही सगळी माणसं निघून चालली आहेत. तुमच्याकडे तोंड करून कोणी उभं राहत नाही का?"

वर्गातल्या बाकीच्या सात जणांनी सौजन्याने आपापल्या चहाच्या कपात पाहिलं.

त्यांचं म्हणणं खरं होतं. पाच वर्षांत मी तोक्योतल्या हजारभर पाठी टिपल्या असतील, चेहरा एकही नाही. त्यालाही कारण आहे. पुण्यात तुळशीबागेत कॅमेरा बाहेर काढला, तर बांगडीवाली स्वतःच पदर सारखा करून म्हणते, "ताई, आमचा पण काढा की." त्याच सवयीने जपानमधल्या पहिल्या वर्षी मी स्टेशनवर मोबाइलने एका बाईचा फोटो काढला. लगेच एक गृहस्थ जवळ आले आणि अतिशय नम्रपणे मला तो पुसायला सांगून गेले. ते तिचे कोणी नव्हते. ओरडले असते तर मी भांडले तरी असते. त्या नम्रपणाने मात्र मी जी गार झाले, ती पाठीच काढत राहिले.

मी हट्टी आहे, याबद्दल माझ्या माहेरी आणि सासरी दुमत नाही. त्या शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मार्चच्या प्रदर्शनात माझ्या वाट्याच्या भिंतीवर एक चेहरा लागेल, त्या माणसाला विचारून काढलेला. नाही मिळाला, तर माझं नाव काढून टाका."

बोलले खरी, आणि घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये समोरच्यांचे चेहरे चुकवत बसले.

जायचं कुठे, हे मात्र लगेच ठरलं. तोक्योत बर्फ वर्षातून एखाद्या दिवशी पडतो आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या आओमोरीत मात्र हिवाळाभर अख्खं शहर बर्फात असतं आणि तरी चालू असतं. रंग आपोआपच पुसलेले. फेब्रुवारीत तीन दिवस जोडून सुट्टी होती. सुहास, म्हणजे माझा नवरा, तोयोसुमधल्या त्याच्या ऑफिसच्या कॉलवरून मान वर करून म्हणाला, "अगं, वादळाचा इशारा आहे तिकडे." मी म्हटलं, "म्हणूनच." पंधरा वर्षांच्या माझ्या लेकीने, ईराने, मला "फोटो काढला तर चालेल का" हे जपानी वाक्य दहा वेळा घोटून घेतलं. 'शाशिन ओ तोत्तेमो ई देस का?' आणि मग स्वतःच निकाल दिला, "मुरी!" म्हणजे अशक्य. ती आमच्याशी मराठीत क्वचितच बोलते, पण नकार अगदी स्वच्छ देते.

शुक्रवार: स्टेशन, बाजार आणि दोन बोटं

आओमोरी स्टेशनबाहेर आले आणि आधी रस्ताच दिसेना. फुटपाथच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर जाणाऱ्या बर्फाच्या भिंती होत्या आणि मधून माणसं एकामागे एक चालली होती. सिग्नलचे दिवे तोक्योतल्यासारखे आडवे नव्हते; अरुंद आणि उभे, म्हणजे वर बर्फ साचू नये. वारा समुद्राकडून येत होता. बर्फ वरून पडत नव्हता, समोरून येऊन तोंडात शिरत होता. मला भलताच आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

आनंदाच्या भरात मी तासभर फोटो काढले आणि ऊब घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. इथेच पहिली चूक झाली. गार पडलेला माझा फिल्मचा कॅमेरा गरम हवेत आला आणि भिंग आतून-बाहेरून घामेजलं. वरणाच्या कुकरचं झाकण उघडल्यावर चष्मा होतो तसं. पाऊण तास मी नुसती गरम कॉफीचा डबा हातात धरून उभी होते.

संध्याकाळी मी जिथे उतरले, त्या चार खोल्यांच्या घरगुती लॉजच्या मालकीणबाई कुदो-सान. सत्तरीच्या, माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पण गॅलरीतला बर्फ हाताने उचलून फेकणाऱ्या. त्यांनी माझी हकिगत ऐकली आणि स्वयंपाकघरातून चेन लावायची प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. "कॅमेरा बाहेरच यात घालायचा. मग आत. तासाने उघडायचा. आम्ही चष्मेसुद्धा असेच ठेवतो," म्हणाल्या. त्यांची बोली तोक्योच्या जपानीपेक्षा इतकी वेगळी, की मी तीनदा विचारलं तेव्हा कळलं.

त्याआधी दुपारी माझं घोटलेलं वाक्य अकरा जणांना विचारून झालं होतं. वाक्य निर्दोष होतं, मोसम निर्दोष नव्हता. माणसं मास्क, मफलर आणि टोपीत इतकी गुंडाळलेली, की चेहरा म्हणून विचारावा तर दोन डोळे. बसथांब्यावरच्या आजींनी नाकासमोर हात हलवला. एका तरुणीने माझी माफी मागितली, कशाबद्दल ते तिलाच माहीत. मासळी बाजारात एक शिंपले विकणारे काका मात्र चक्क "हो हो" म्हणाले. बर्फाने सोलवटलेला लालबुंद चेहरा, दाढीत पांढरे कण. मी फोकस केला आणि त्याच क्षणी काकांनी दोन बोटं वर करून गालाला लावली आणि शाळेच्या फोटोतल्यासारखं हसले. मी फोटो काढला, आभार मानले आणि बाहेर येऊन बर्फाला एक लाथ मारली. न विचारता काढावा तर चोरी, विचारून काढावा तर माणूस निघून जातो आणि दोन बोटं उरतात.

जेवायला तिथली प्रसिद्ध शेवयांची वाटी घेतली. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, करी आणि दूध, तिन्ही एकत्र, वर लोण्याचा तुकडा. दुधात करी पाहून माझ्या आईने विरुद्ध अन्न म्हणून कपाळाला हात लावला असता. मी वाटी चाटूनपुसून संपवली.

शनिवार: मामासान डंप

रात्रीत वादळ आलं. सकाळी खालच्या मजल्याची खिडकी अर्धी पांढरी झाली होती आणि गाड्या बंद असल्याचं टीव्हीवर सांगत होते. मला बरंच वाटलं, कारण आज लोक पळून जाऊन जाणार कुठे?

कुदो-सान मात्र घड्याळ पाहत होत्या. त्यांच्या गल्लीत रस्त्याखालून एक पाट वाहतो, खास बर्फासाठी. दाराशी लोखंडी झाकण उचलायचं, बर्फ आत टाकायचा, पाणी तो समुद्रात नेऊन सोडतं. पण वाटेल तेव्हा टाकायचा नाही. आपल्याकडे उसाला पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते, तशी इथे प्रत्येक भागाला बर्फ टाकायची पाळी असते. गल्लीच्या वरच्या टोकाची, म्हणजे त्यांची, नऊ ते दहा. त्या तासात तिथले सगळे बाहेर.

त्यांच्याकडे दोन हातांनी ढकलायचं घमेल्यासारखं प्रचंड अवजार होतं. त्याला तिकडे 'मामासान डंप' म्हणतात. घरातल्या बायकांनाही ढकलता येतं म्हणून. घरातली बाई म्हणून मी ते ताब्यात घेतलं. जपानमधल्या पाच वर्षांत मी कचऱ्याचे सगळे प्रकार पाठ केलेत, बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. नियम पाळण्यात आपला हात कोण धरणार, अशी माझी समजूत होती.

"थोडं थोडं," कुदो-सान म्हणाल्या. "फोडून. पाण्याकडे बघत." तेवढ्यात आत फोन वाजला. गाड्या बंद, म्हणजे कोणीतरी खोली रद्द करणार. त्या आत गेल्या.

मी एकटी, समोर छातीएवढा ढीग आणि घड्याळात वीस मिनिटं. आमच्याकडे काम हातात घेतलं की उरकायचं असतं, त्याच्याशी गप्पा मारायच्या नसतात. म्हातारीची मदत होईल आणि दहाला कॅमेरा घेऊन मोकळं होता येईल, असा दुहेरी हिशेब करून मी भरलेलं घमेलं अख्खंच्या अख्खं पाटात ओतलं. गेलं. दुसरं ओतलं. तिसरं जरा अडलं, तर फावड्याने वरून दाबलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मिनिटभरात खालच्या बाजूने ओरडा झाला. माझी तिन्ही ढेकळं पाटात एकाला एक चिकटली होती, पाणी अडलं होतं आणि पाच घरांपुढच्या झाकणांतून बर्फाचा काला रस्त्यावर येत होता. सगळ्यात खालच्या घराचा उंबरा बुटका. पाणी सरळ त्या घरात शिरलं. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ केरसुणीने ते बाहेर लोटत होते, आणि त्यांच्या मागे दोन रबरी बूट तरंगत होते.

पुढचा अर्धा तास सगळी गल्ली लांब बांबू घेऊन माझी ढेकळं फोडत होती. कोणी मला एक शब्द बोललं नाही. कोणी पाहिलंसुद्धा नाही. पुण्यात असते तर एव्हाना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता आणि संध्याकाळी त्याच घरी चहाही झाला असता. इथे नुसते बांबू पाण्यात आपटत होते. मला रडू आलं आणि ते गालावर गोठलं.

"आता जायचं," कुदो-सान म्हणाल्या.

"कुठे?"

"घरोघरी. माफी मागायला. आधी खाऊचे डबे घेऊ."

सफरचंदाच्या वड्यांचे पाच डबे, प्रत्येक कागदात बांधलेला. वाटेत मी भाषणाची तयारी करत होते: मी पुण्याची, आमच्याकडे बर्फ नसतो, मला वाटलं पाणी जोरात आहे, शिवाय फोन आला म्हणून...

कुदो-सानांनी मला रस्त्यातच थांबवलं. "कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की त्यांना ‘असू दे’ म्हणावं लागतं. नाव सांगायचं, काय केलं ते सांगायचं, वाकायचं. पुरे."

कॅमेरा मी खोलीवरच ठेवला होता. माफी मागायला गळ्यात कॅमेरा लटकवून जाण्याइतकी मी निर्लज्ज नाही. आणि मग पाचांपैकी पहिलं दार सरकलं. एका हाताच्या अंतरावर, आतला पिवळा उजेड पाठीशी, बाहेरच्या बर्फाचा उजेड तोंडावर. पिठाने भरलेल्या हातांची बाई. दुसऱ्या दारात दात न लावलेले आजोबा. तिसऱ्यात झोपेतून उठलेला, गालावर उशीची घडी उमटलेला माणूस. कोणी बोटं वर केली नाहीत, कोणी मास्क शोधला नाही. पाच वर्षांत मी जे शोधत होते, ते दर दोन मिनिटांनी माझ्यासमोर उभं राहत होतं आणि मी वाकून म्हणत होते, "माझं नाव मेधा. पाट मी तुंबवला." मला इतकी हळहळ वाटली, की चौथ्या दारात मी वाकायचं विसरले. कुदो-सानांनी मागून कोपर मारलं.

शेवटचं घर त्या उंच गृहस्थांचं. मिकामी-सान. एकटे राहतात, तरुणपणी फेरीबोटीवर होते, असं कुदो-सानांनी दबक्या आवाजात सांगितलं. दार उघडलं. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, बूट स्टोव्हजवळ उलटे. मी नाव सांगितलं, काय केलं ते सांगितलं आणि वाकले. त्यांनी डबा घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "या टोकाची पाळी उद्या सातला," आणि दार लावून घेतलं.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"सातला यायचं," कुदो-सान म्हणाल्या.

रात्री त्यांनी ओदेन वाढलं. रश्शात शिजलेला मुळा, अंडं आणि वर आल्याची मिसो. आलं घशाला लागलं तेव्हा कुठे मी सरळ बसले. परतीची गाडी उद्या दुपारची. माझ्याकडे तीन रोलभर पाठी होत्या आणि दोन बोटं. पण सातला जायचं, हे नक्की होतं. कॅमेरा घेऊन जायचं की नाही, हे मात्र मी बराच वेळ ठरवू शकले नाही. शेवटी ठरवलं, न्यायचा. आधी काम, मग विचारायचं, आणि नाही म्हणाले तर मुकाट्याने परत यायचं.

रविवार: सात ते आठ

बर्फ अजून पडतच होता, पण वारा दमला होता. मिकामी-सान फावडं घेऊन तयार होते. त्यांनी माझ्या हातातलं घमेलं काढून बाजूला ठेवलं आणि छोटं फावडं दिलं. मग बर्फात चार रेघा मारल्या आणि पनीर कापावं तशा चौकोनी वड्या पाडल्या. एक वडी पाण्यात. ती जाताना बघायची. दिसेनाशी झाली की दुसरी.

"तुम्ही पाण्याकडे बघत नाही," ते एकदाच म्हणाले. "फावड्याकडे बघता."

तासभर आम्ही तेच केलं. एक वडी, थांबा. एक वडी, थांबा. पहिली दहा मिनिटं माझे हात शिवशिवत होते. पुढे कधीतरी ते शांत झाले आणि पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. पाट भरला की पाणी खालचा सूर लावतं, मोकळा असला की वरचा. आठ वाजले तेव्हा दारासमोरची जागा स्वच्छ होती आणि रस्त्यावर एक थेंब नव्हता. त्यांनी झाकण लावलं आणि पायाने दाबून पाहिलं.

मी जाकिटातून पिशवी काढली, पिशवीतून कॅमेरा. ईराचं वाक्य म्हटलं.

ते उभे राहिले. ना हो, ना नाही. पाच वर्षांपूर्वीची मी असते तर हाच होकार समजून बटण दाबलं असतं, आणि परवाची मी असते तर वाकून पळाले असते. मी कॅमेरा खाली धरून परत विचारलं. का हवाय, प्रदर्शन कसलं, मोरिता-सान कोण, काही सांगितलं नाही.

"काढा," मिकामी-सान म्हणाले.

आणि गारठ्याने उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल बसला. काटा हलेना. कॅमेरा जुना, सेलशिवायही चालतो, पण उजेड किती हे आता मलाच ठरवायचं होतं. बर्फात मीटरचं ऐकलं तर पांढरा बर्फ सिमेंटसारखा येतो; त्याच्यापेक्षा जास्त उजेड द्यावा लागतो. किती जास्त? मी त्यांच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, अंदाजाने कडं फिरवलं. ते माझ्याकडे बघत होते. सरळ. हसले नाहीत, बोटं वर आली नाहीत. मी एक फोटो काढला. दुसरा काढावा तोवर भिंगावर बर्फ बसला.

"झालं?" म्हणाले आणि आत गेले.

एदोगावा

रोल मी केंद्राच्या डार्करूममध्ये स्वतः धुतला. लाल दिव्याखाली कागदावर आधी काळं दार वर आलं, मग भुवया, त्यांच्यावरचा बर्फ, मग डोळे. अंदाज बरोबर आला होता, बर्फ पांढरा होता. त्यांच्या मागे दाराच्या लाकडावर घोट्याएवढ्या उंचीवर पाण्याची काळी रेघ होती. आणि डोळ्यांत राग होता. त्या गल्लीत मला कोणीच रागावलं नाही, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगत होते. राग इथे होता, अख्खा, एका माणसाचा, माझ्यासाठीच. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

मोरिता-सानांनी फोटो उजेडात धरला. "हा माणूस तुम्हाला ओळखतो," एवढंच म्हणाले. मग त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. केंद्राचा नियम: चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची लेखी परवानगी.

काढायला मी विचारलं होतं. लावायला नव्हतं.

"अगं, आओमोरीहून इथे कोण येणार आहे बघायला?" सुहास म्हणाला. "लावून टाक."

"कोणी येणार नाही, म्हणून तर विचारायचं," मी म्हटलं. तो हसला आणि पाकीट आणायला स्वतःच खाली गेला.

मी पत्राचा मजकूर सांगितला, ईराने सुंदर अक्षरात लिहिला. मी दीड पान सांगितलं होतं. मग कुदो-सान आठवल्या आणि चार ओळी ठेवल्या. फोटो, पत्र, परवानगीचा कागद, परतीचं पाकीट. आठवडा गेला. दुसरा निम्मा गेला. फोटो टांगायचे होते शनिवारी. बुधवारी मी मोरिता-सानांना फोन करून सांगितलं, शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "पाठींचे फोटो चांगले आहेत, मेधा-सान." मी म्हटलं, "चांगले आहेत. पण शब्द दिलाय." फोन ठेवल्यावर मात्र मला भांडी घासवेनात.

मग राहवलं नाही आणि कुदो-सानांना फोन लावला. त्या हसायलाच लागल्या. "मिकामी-सान? तो फोटो घेऊन गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन आले. दोनदा."

"मग उत्तर का नाही देत?"

"काय लिहावं, ते विचारतायत सगळ्यांना."

पाकीट शुक्रवारी दुपारी आलं. परवानगीच्या कागदावर सहीच्या जागी लाल शिक्का होता, अगदी चौकटीच्या मधोमध. सोबत एक चिठ्ठी, तीन ओळींची, मोठ्या थरथरत्या अक्षरांत. मला वाचता येईना. ईरा शाळेतून येईपर्यंत मी ती ओट्यावर ठेवून तिच्याभोवती फिरत राहिले. तिने दप्तर न काढताच वाचली आणि मग, का कोण जाणे, मला मराठीत सांगितली.

"ते म्हणतायत, फोटो लावा. मी तेव्हा रागावलो होतो, तसाच आलोय." ती थांबली आणि शेवटची ओळ बोटाने दाखवली. "आता राग नाही, असं लिहिलंय."

मी तिला तेवढीच ओळ परत वाचायला लावली, आणि मग फ्रेमची काच पुसायला घेतली.